मारधाडीच्या पिक्चरमधल्या चुका: नुसती चूक नको, ती कशी झाली असेल तेही लिहा

टिळकवाडीकर (धागाकर्ता)

‘कमांडो’तली (१९८५) पिवळी पोर्शे बहुतेकांना आठवत असेल. पाठलागात ती एका अंगावर पडून घासत जाते आणि डावी बाजू पार चेपते. थोड्या वेळानं नायक तीच गाडी ढकलून चाकांवर उभी करतो, आत बसून निघून जातो, तेव्हा डाव्या बाजूला साधा ओरखडा नाही. चुकांच्या कुठल्याही यादीत ही गाडी असतेच. असल्या याद्या आपल्या ग्रुपवर येतात, लोक हसतात, ‘डायरेक्टर झोपला होता काय’ म्हणतात आणि पुढं ढकलतात.

मला तिथं थांबणं पटत नाही. एवढी माणसं महिनोन्‌महिने राबतात आणि तरी इतकी ठळक गोष्ट सुटते, तेव्हा कामाच्या रीतीतच त्याचं काहीतरी कारण असणार. मोडायची गाडी वेगळी, पळवायची वेगळी. शूटिंग गोष्टीच्या क्रमानं होत नाही. नायकाचा क्लोजअप आज घेतला आणि गाडी पलटी महिन्यानं केली असं सर्रास चालतं. दुसरं युनिट, दुसरा कॅमेरामन, डुप्लिकेट वेगळा. चूक सापडली की हे सगळं कसं जुळवलं होतं याचा पुरावा हाती लागतो, आणि मला त्याचंच अप्रूप आहे.

‘टर्मिनेटर २’ (१९९१) घ्या. पोराच्या मागं लागलेला ट्रक वरनं कोरड्या कालव्यात उडी घेतो. आदळल्याबरोबर पुढची काच चौकटीतून निखळताना स्पष्ट दिसते. पुढच्या शॉट्समध्ये काच जागेवर. माझा तर्क असा: ती उडी पुन्हा पुन्हा घेता येण्यासारखी नव्हती, काच पडेल हे कुणाच्या हिशेबात नव्हतं, आणि बाकीचा पाठलाग काचेसकट चित्रित झालेला किंवा व्हायचा होता. जिवावरचा शॉट झकास आलाय, तो काचेपायी कोण टाकून देईल? २०१७ साली थ्रीडी आवृत्ती काढली तेव्हा कॉम्प्युटरवर ही काच दुरुस्त करण्यात आली. एवढी वर्षं ती चूक त्यांनाही ठाऊक होती.

‘बुलेट’मधला (१९६८) सॅन फ्रान्सिस्कोच्या चढउतारांवरचा पाठलाग पुन्हा एकदा बघा. एक हिरवी फोक्सवॅगन बीटल आहे. आपल्या दोन्ही गाड्या तिला मागं टाकतात, आणि जरा पुढं गेलं की तीच बीटल परत समोर. व्हिलनच्या डॉज चार्जरच्या चाकांवरच्या थाळ्या निखळून उडतात, त्या मोजल्या तर चारापेक्षा जास्त भरतात. म्हणजे एकाच उतारावरची धाव वेगवेगळ्या ठिकाणच्या कॅमेऱ्यांनी टिपली आणि एडिटिंगमध्ये ते तुकडे एकापाठोपाठ लावून रस्ता लांबवला. त्या वर्षी एडिटिंगचं ऑस्कर फ्रँक केलर यांना याच पिक्चरसाठी मिळालं. बीटल चार वेळा दिसूनही दहा-अकरा मिनिटं श्वास रोखून धरायला लावणारा तो पाठलाग आहे, आणि ते बक्षीस योग्य माणसाला मिळालं असं माझं ठाम मत आहे.

तर धाग्याचा नियम एवढाच. चूक स्वतः बघितलेली असावी, आणि ती कशी झाली असेल याचा आपापला तर्क सोबत लिहावा. गावात आपल्या फौंड्रीवाले आहेत, फौजी आहेत, लग्नाचे व्हिडिओ करणारे आहेत. ज्याला ज्यातलं कळतं त्यानं त्याबद्दल बोलावं.

उद्यमबाग_फिटर

चांगला धागा काढलात ओ. माझ्या धंद्यातलं एक सांगतो.

‘ग्लॅडिएटर’ (२०००) मध्ये रोमच्या आखाड्यात रथांची लढाई आहे. एक रथ उलटतो आणि धुरळ्यात त्याच्या मागच्या बाजूला चक्क गॅसचा सिलिंडर दिसतो. दोन हजार वर्षांपूर्वीच्या रोममध्ये सिलिंडर कुठनं आला म्हणून लोक हसतात. खरं मी हायड्रॉलिक आणि न्यूमॅटिकच्या कामातला माणूस, मला तो बघितल्यावर रथ कसा उलटवला तेच दिसलं.

रथ किंवा गाडी आपोआप हवी तिथं, हवी तशी उलटत नाही. त्यासाठी खाली एक जाड नळी बसवतात, आत दांडा. सिलिंडरमध्ये नायट्रोजन दाबून भरलेला असतो, आपल्याकडं कारखान्यात येतो तो साधारण १५० बारचा असतोय. बटण दाबलं की व्हॉल्व्ह एकदम उघडतो, दांडा जमिनीवर हाणतो आणि त्या धक्क्यानं गाडी वर उचलली जाते. व्हॉल्व्ह हळू उघडला तर नुसतं फुसफुस होऊन गाडी डोलेल. सगळा खेळ गॅस किती झटक्यात सुटतो त्याच्यावर. आमच्याकडं जॉब दाबायला जे तत्त्व वापरतो तेच.

‘कसिनो रोयाल’ (२००६) मध्ये बाँडची अ‍ॅस्टन मार्टिन रस्त्यावर सात कोलांट्या खाते, त्याची गिनीज बुकात नोंद आहे. तिथं आधी रॅम्पवरनं उलटवायला बघितलं, पण गाडी इतकी बुटकी आणि बसकी की उलटेचना. मग आत गॅसची तोफ बसवली. आत अ‍ॅडम कर्ली नावाचा स्टंट ड्रायव्हर बसला होता. डमी नाही, जिवंत माणूस.

हिंदी पिक्चरमध्ये गाड्या हवेत उडतात तेव्हा शॉट थांबवून गाडीच्या पोटाकडं बघा. पुष्कळदा काळं नळकांडं लोंबताना दिसतंय. गाडीखाली स्फोट झाला म्हणून ती उडाली असं दाखवलेलं असतं, खरं ढकललेलं असतंय त्या दांड्यानं. मला ते नळकांडं दिसलं की त्या मेकॅनिकला हात जोडावेसे वाटतात. माणूस आत बसवून गाडी उलटवायची म्हणजे वेल्डिंगचा एकेक टाका बघावा लागतो.

अनगोळचा_पप्पू

‘रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क’ (१९८१) मध्ये हिरो विहिरीत नागासमोर पडतो तेव्हा मधल्या काचेत नागाचं प्रतिबिंब दिसतंय. हिरोला चावू नये म्हणून काच लावलेली. नंतरच्या डीव्हीडीत ते पुसून टाकलंय. आमच्याकडं जुनी कॅसेट होती, त्यात आहे.

माजी_हवालदार

टिळकवाडीकर, तुम्ही फौजींना बोलवलंत म्हणून लिहितो. मराठा लाईट इन्फंट्रीत नोकरी केली, बेळगावच्या सेंटरलाच ट्रेनिंग. चाकाची थाळी चारदा पडली की सहादा याचं मला काही वाटत नाही. त्यानं कुणाचं नुकसान होत नाही. हत्याराबद्दल खोटं दाखवतात ते पोरांच्या डोक्यात बसतं, आणि भरतीला आलेल्या पोरांच्या डोक्यातनं ते काढायला आम्हाला वेळ लागायचा.

एके-४७ ची मॅगझीन ३० गोळ्यांची. रेट मिनिटाला ६००. म्हणजे घोडा दाबून धरला तर मॅगझीन तीन सेकंदांत रिकामी. पिक्चरमध्ये हिरो एक मॅगझीन लावून अख्खं गोदाम साफ करतो. आमची जुनी एसएलआर रायफल २० गोळ्यांची, नंतरची इन्सास रायफलही २० चीच. प्रत्येक गोळी मोजून झाडायला शिकवतात.

गोळी लागली की माणूस पाच फूट मागं उडतो, हे तर सरळ विज्ञानाच्या विरुद्ध. गोळीत तेवढा जोर असता तर झाडणाराही तेवढाच मागं उडला असता. लोखंडावर गोळी लागली की ठिणग्यांचा पाऊस पडतो, तेही खोटं. आत शिसं, वर तांब्याचं कवच, त्याला ठिणगी कुठली? पिक्चरमध्ये त्या जागी आधीच छोटी दारू पेरून ठेवलेली असते. सायलेन्सर लावला की ‘फुस्‌’ असा आवाज. प्रत्यक्षात १५० डेसिबलच्या वरचा आवाज वीस-तीस डेसिबलनं उतरतो, म्हणजे तरी तो दणदणीतच.

आणि ग्रेनेड. ३६ नंबरचा ग्रेनेड हातानं टाकायचा तर पिन काढून लिव्हर सुटल्यावर चार सेकंद. फुटल्यावर आगीचा गोळा नसतो. धूळ, काळपट धूर आणि लोखंडाचे तुकडे, झालं. नारिंगी ज्वाळा पेट्रोलची असते, कारण खरा स्फोट कॅमेऱ्यात काहीच दिसत नाही, एका क्षणात संपतो. दातानं पिन ओढणारे हिरो बघितले की मी पोरांना सांगतो, बाबांनो, पिन जाईल तिथंच, दात मात्र हातात येतील.

आता जे बरोबर असतं तेही सांगितलं पाहिजे. ‘केजीएफ चॅप्टर २’ (२०२२) मध्ये पोलीस ठाण्यावर मशीनगन चालवून झाल्यावर तिची बॅरल लालबुंद झालेली दाखवलीय. इथं बरेच जण त्याला फेकाफेकी म्हणतील. पण न थांबता फायरिंग केलं तर बॅरल खरंच तापून लाल होते. म्हणूनच तर एलएमजीबरोबर एक जादा बॅरल दिलेली असते, बदलायला. बाकी त्या सीनमधलं मी सगळं मान्य करत नाही, पण ही गोष्ट कुणीतरी विचारून केलेली आहे.

लोंढा_जंक्शन

हवालदार मामा, फार छान लिहिलंत.

आमच्या भागातली एक. ‘चेन्नई एक्सप्रेस’ (२०१३) मध्ये मुंबईहून निघालेली गाडी दूधसागर धबधब्यासमोर थांबते आणि खाली उतरलं की तामिळनाडू. दूधसागर गोव्यात आहे, लोंढ्याहून कॅसलरॉकमार्गे कुळेला जाणाऱ्या घाटात. मुंबई-चेन्नईच्या गाड्या पुणे, सोलापूर, गुंटकल अशा जातात, आमच्या बाजूला फिरकतही नाहीत. खानापूर तालुक्यातलं शाळकरी पोरगंही हे सांगेल.

कारण उघड आहे. पावसाळ्यात धबधब्याच्या तोंडासमोरून रेल्वे जाते असं ठिकाण देशात दुसरं सापडणं मुश्कील. दिग्दर्शकानं नकाशा बाजूला ठेवून धबधबा घेतला. मला राग नाही. फक्त नाव तरी घ्यायला पाहिजे होतं असं वाटतं. आमच्या घाटाला दुसऱ्या राज्याचा म्हणून दाखवलं की वाईट वाटतं.

खानापूरची_मास्तरीण

चूक कशी होते यावर बोलणं चाललंय, पण ती आपल्याला दिसत का नाही, यावरही कुणी लिहावं म्हणून मीच लिहिते.

डॅनियल सायमन्स आणि डॅनियल लेव्हिन या मानसशास्त्रज्ञांचा १९९८ सालचा एक प्रयोग आहे. विद्यापीठाच्या आवारात एक माणूस वाटसरूला पत्ता विचारतो. बोलणं चालू असतानाच दोघं जण मोठं दार घेऊन मधूनच जातात आणि त्या आडोशानं पत्ता विचारणारा माणूसच बदलतो. उंची वेगळी, कपडे वेगळे, आवाज वेगळा. तरी सुमारे निम्म्या वाटसरूंना काही कळलं नाही, ते पत्ता सांगतच राहिले. समोरचा माणूस बदललेला कळत नाही, तिथं ओरखड्याची काय कथा! आपलं लक्ष ‘काय चाललंय’ यावर असतं, वस्तूंवर नसतं. मारामारीत तर हिरो वाचतो का मरतो एवढंच आपण बघतो.

माझी सगळ्यांत आवडती चूक ‘नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट’मधली (१९५९). उपाहारगृहात नायिका पिस्तूल काढते. तिच्या मागं एका टेबलावर एक छोटा मुलगा बसलाय. गोळी सुटायच्या आधीच तो दोन्ही कानांत बोटं घालतो. बिचाऱ्यानं रिहर्सलला आणि आधीच्या टेकला तो बार ऐकलेला असणार, आणि आता कुठल्या क्षणी कान फुटणार ते त्याला पाठ झालेलं. त्याला कुणी सांगितलं नसेल की घाबरू नकोस, किंवा सांगूनही तो घाबरला असेल. वर्गात मुलांना मी हा तुकडा दाखवते. पहिल्यांदा दाखवल्यावर जवळजवळ कुणालाच तो मुलगा दिसत नाही. दुसऱ्यांदा ‘मागं बघा’ म्हटलं की सगळा वर्ग ओरडतो. आणि तिसऱ्यांदा त्यांना त्याच्याशिवाय दुसरं काही दिसतच नाही, नायिका कुठं गेली तेही कळत नाही.

एक विचारायचं होतं. पप्पू म्हणतो तसं प्रतिबिंब पुसणं, काच परत लावणं, हे तुम्हा लोकांना पटतं का? मला पटतं. ज्यानं पिक्चर केला त्याला आपलं काम नीट करायचा हक्क आहे.

टिळकवाडीकर

ताई, इथं माझं तुमच्याशी जमणार नाही. २०१९ मध्ये ‘गेम ऑफ थ्रोन्स’च्या एका भागात राजवाड्यातल्या मेजवानीत कॉफीचा कागदी कप राहिला होता, तो दोन दिवसांत काढून टाकला. तो काढला ते ठीक, कुणी तरी विसरलेला कप होता. पण नागासमोरची काच? ती एका माणसाचा जीव जपण्यासाठी लावली होती, आणि तिच्यावरचं प्रतिबिंब हा ते दृश्य खऱ्या नागाबरोबर केल्याचा एकमेव दाखला पडद्यावर होता. तो पुसल्यावर उद्याचं पोरगं म्हणणार, नाग कॉम्प्युटरचा आहे. मूळ प्रत कुठं तरी बघायला मिळालीच पाहिजे.

निपाणी_एडिटर

मी लग्नाचे, जत्रांचे आणि कुस्त्यांचे व्हिडिओ एडिट करतो. मोठं काम नाही, पण टेबलावरची अडचण तीच असते, म्हणून लिहालोय.

वॉल्टर मर्च हे एडिटिंगमधलं फार मोठं नाव. ‘द इंग्लिश पेशंट’साठी (१९९६) त्यांना एडिटिंग आणि साउंड अशी दोन्ही ऑस्कर मिळाली. कट कुठं मारायचा याला त्यांनी शंभरातले गुण वाटून दिलेत. भावनेला ५१, गोष्टीला २३, लयीला १०, बघणाऱ्याची नजर कुठं आहे त्याला ७, पडद्याच्या सपाट चौकटीतल्या मांडणीला ५ आणि प्रत्यक्ष जागेत माणसं-वस्तू कुठं होत्या या सलगतेला ४. आपण या धाग्यात ज्याच्यावर बोलालोय त्यातलं बरंचसं त्या शेवटच्या चारात येतंय. माझ्यासमोर दोन टेक असले, एकात ग्लास बरोबर हातात आहे पण चेहरा मेलेला, दुसऱ्यात ग्लास चुकीच्या हातात आहे पण डोळ्यांत पाणी आलंय, तर मी डोळे घेणार. कुठलाही एडिटर तेच करणार. कितीतरी चुका कळून-सवरून ठेवलेल्या असतात, हे याद्या करणाऱ्यांना कुणी सांगत नाही.

पण एक चूक मी स्वतः कधी सोडत नाही, दिशेची. आनंदवाडीच्या आखाड्यात कुस्ती बघितली असेल तर पटकन कळेल. मी पूर्वेच्या कट्ट्यावर कॅमेरा लावला तर लाल लंगोटवाला डावीकडं, निळा उजवीकडं. आता दुसरा कॅमेरा समोरच्या पश्चिमेच्या कट्ट्यावर ठेवला आणि तिथला शॉट मध्येच जोडला, तर पडद्यावर लाल उजवीकडं उडी मारून गेला असं दिसतंय. दोघंही मातीनं माखलेले, लंगोटही अर्धा मातीत, बघणाऱ्याला कळेना कोण वर आहे. म्हणून दोन पैलवानांतनं एक रेघ आहे असं धरायचं आणि दोन्ही कॅमेरे तिच्या एकाच अंगाला ठेवायचे. मारामारीच्या पिक्चरमध्ये ही रेघ ओलांडली की मेंदू थकतो. हिरो मार खाल्ला का दिला ते कळत नाही आणि लोक म्हणतात फाईट बोअर आहे. ही चूक कुठल्या यादीत येत नाही, पण माझ्या लेखी चाकाच्या थाळीपेक्षा ती मोठी.

कधी चूक झाकायला एक जादा शॉट शिवतात, त्याचा नामी नमुना ‘डायमंड्स आर फॉरेव्हर’ (१९७१). बाँडची मस्टँग अरुंद बोळात शिरते ती उजव्या चाकांवर तिरकी होऊन, बाहेर पडते ती डाव्या चाकांवर. बोळ एवढा अरुंद की आत गाडी पलटायला जागाच नाही. मग मध्ये गाडीच्या आतला एक शॉट घातला, त्यात दोघं जण एका बाजूनं दुसऱ्या बाजूला कलतात. शिरायचा आणि बाहेर पडायचा शॉट वेगवेगळ्या ठिकाणी झालेले. शिवण दिसते, पण शिवणाऱ्याची धडपड बघून मला तो तुकडा फार आवडतो.

आणि आपल्या माणसाचं नाव घेतल्याशिवाय पोस्ट संपवणार नाही. ‘शोले’ला (१९७५) फिल्मफेअरचं एकच बक्षीस मिळालं, तेही एडिटिंगचं, माधव शिंदे यांना. १९७३ ला शूटिंग सुरू झालेला पिक्चर, बंगळूरजवळचं रामनगर एकीकडं, रेल्वेचा पाठलाग पनवेलकडं, सगळं जुळवून तो माणूस टेबलावर बसला. लोक ‘शोले’च्या चुका मोजतात, पण शिंद्यांचं नाव कुणाला ठाऊक नसतं.

हुक्केरीचा_मळेकरी

एडिटरसाहेब, ‘शोले’ काढलात तर बोलायलाच पाहिजे.

सगळ्या याद्यांत एक नंबरला असतंय: रामगढमध्ये वीज नाही, संध्याकाळी हवेलीत कंदील लावतात, मग वीरू चढतो ती पाण्याची टाकी कशी? ही चूकच नव्हे ओ. वीज नाही म्हणजे पंप नाही असं कुणी ठरवलं? आमच्या मळ्यात विजेचा खांब आला त्याच्या कितीतरी आधी विहिरीवर किर्लोस्करचं ऑईल इंजिन होतं. सकाळी हँडल मारायचं, दोन-चार धक्क्यांत ‘डुग डुग डुग’ चालू व्हायचं, टाकीत पाणी चढायचं. घरात मात्र रात्री चिमणीच. शेजारच्या गावात चावडीजवळची टाकी अशीच डिझेलवर भरायचे. ज्यांनी वायरशिवाय पंप बघितला नाही त्यांना ती चूक वाटते.

ठाकूरच्या हातांचं मात्र कबूल. शेवटच्या मारामारीत कुडत्याच्या आत बांधलेले हात जाणवतात. त्याला कारणही आहे. माणूस उड्या मारतो, पडतो, लाथा मारतो, आणि हात मात्र आत दाबून ठेवायचे. शिवाय तो शेवट सेन्सॉरनं बदलायला लावला. मूळ शेवटी ठाकूर गब्बरला मारून टाकतो. ते चाललं नाही, पोलीस येऊन अडवतात असं परत शूट करावं लागलं. इतक्या महिन्यांनी परत तोच कुडता, तेच दाढीचे केस, तीच धूळ जमवायची म्हणजे काय काम असेल!

मला दगडावरनं दिसणारी एक गोष्ट सांगतो. रेल्वेच्या पाठलागात मागं दिसतो तो सह्याद्रीचा काळा कातळ. रामगढच्या भोवती मोठाले गोल ग्रॅनाईटचे धोंडे, एकावर एक ठेवल्यागत. आपल्या जिल्ह्यात हा फरक बघायला लांब जावं लागत नाही, पश्चिमेला काळा दगड आणि गोकाकच्या धबधब्याला आलं की कातळाचा रंग, थर सगळं वेगळं. गाडीतनं उतरलेली माणसं थोड्या वेळात दुसऱ्याच जमिनीवर पोचलेली दिसतात. खरं रामनगरची जागा शोधून तिथं गाव उभं करणारे कलादिग्दर्शक राम येडेकर. त्या धोंड्यांशिवाय गब्बरचा अड्डा मला सुचतच नाही.

कित्तूररोड

सीमाभागात राहिल्याचा एक फायदा सांगतो. आपल्याला दोन्ही लिप्या वाचता येतात, त्यामुळं मागच्या पाट्या आपोआप वाचल्या जातात.

एका मराठी पिक्चरमध्ये (नाव घेत नाही) कोल्हापूरचा म्हणून दाखवलेला रस्ता आहे. पाठलाग चाललाय, हिरोच्या गाडीला एमएच-०९, आणि बाजूला उभ्या असलेल्या सगळ्या मोटरसायकलींना केए-२२. मागनं वायव्य कर्नाटकची बस गेली. शूटिंग आपल्याकडंच झालेलं. हिरोची नंबरप्लेट बदलली, गर्दीतल्या गाड्या कोण बदलणार?

दुसरं, उलटवलेला शॉट. कन्नडमधनं हिंदीत डब झालेला एक पाठलाग बघताना दुकानाच्या पाटीवरचं एक अक्षर लागेना. दोनदा मागं नेऊन बघितलं. अक्षरं आरशात बघावीत तशी होती. मग बाकीचं दिसायला लागलं: ड्रायव्हर डावीकडं बसलाय, हिरोच्या शर्टाचा खिसा उजव्या छातीवर, घड्याळ उजव्या मनगटात. एडिटरसाहेब म्हणाले त्या दिशेसाठीच केलेलं असणार. आधीच्या शॉटमध्ये गाडी डावीकडनं उजवीकडं जाते, हा शॉट उलटा आला, तर टेबलावर पलटवून टाकला. पाटी कॅमेऱ्यात नसती तर मला जन्मात कळलं नसतं.

येळ्ळूर_फिल्म_पोरं

नमस्कार सगळ्यांना. आम्ही कॉलेजची पोरं, राजहंसगडावर शिवकाळातली एक छोटी फिल्म करालोय. मारामारी आहे. दोन अडचणी आहेत. गडावर शिवाजी महाराजांचा पुतळा आहे, तो जवळजवळ प्रत्येक वाईड शॉटमध्ये मागं येतोय. आणि बेळगावचा पाऊस. सकाळी वाईड घेतला तेव्हा रिपरिप, क्लोज घ्यायला लागलो तर कडक ऊन, जमीन सुकलेली, दुपारी परत पाऊस. काय करायचं? थांबायला पैसे नाहीत.

निपाणी_एडिटर

पुतळ्यासाठी कॅमेरा खाली बसवा, गुडघ्याच्या उंचीला. मागं आभाळ येईल, किंवा तटाला पाठ लावून वाईड घ्या. तट जिथं पडलाय तो भाग मात्र मागं नको. त्या काळात गड नांदता होता, आज पडझड झालेला तसा नव्हता. हे मोठ्या ऐतिहासिक पिक्चरवालेही विसरतात.

पावसाला उपाय जमिनीचा. आभाळाचं कुणी बघत नाही, जमीन ओली का सुकी ते लगेच दिसतं. दोन घागरी पाणी कायम भरून ठेवा आणि क्लोजच्या आधी पायाखालची दहा फूट जागा आणि खांद्यावरचे कपडे भिजवा. ऊन आलं तर वर पांढरी चादर धरा, सावली मऊ होते. आणि एका पोराला दुसरं काही काम देऊ नका. त्यानं प्रत्येक कटनंतर मोबाईलवर फोटो काढायचे: बाही कुठवर वर आहे, जखम कुठल्या हाताला, रक्त किती वाळलंय, फेट्याचा शेव कुठल्या खांद्यावर, तलवार कुठल्या हातात. पुढचा टेक त्या फोटोशी ताडून मगच ‘अ‍ॅक्शन’. सगळ्यात आधी फेटा बघा. तो दर वेळी वेगळा बांधला जातो.

माजी_हवालदार

पोरांनो, त्या मारामारीत बंदूक आहे का? शिवकाळातली म्हणजे तोडेदार, जळत्या वातीनं उडणारी. दारू ठासायची, गोळी घालायची, कान्यात, म्हणजे नळीच्या बुडाशी भोक असतं तिथं, बारीक दारू टाकायची, मग पेटता तोडा लावायचा. मिनिटाला एक-दोन बार निघाले तर डोक्यावरनं पाणी. एकाच बंदुकीतनं लागोपाठ दोन बार काढू नका, मध्ये ठासताना दाखवा किंवा दुसऱ्याच्या हातात दुसरी बंदूक द्या. आणि जमीन भिजवून पाऊस दाखवणार असाल तर नीट ठरवा. पावसात तोडा विझतो, कान्यातली दारू भिजते. पाऊस ठेवायचा तर त्या सीनमध्ये तलवार, भाला, पट्टा ठेवा. बंदूक ठेवायचीच असेल तर ती तटाच्या आतल्या, छपराखालच्या माणसाच्या हातात द्या.